खाडा की शून्य?

आमच्या घरी दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असायचा. तारखेच्या चौकटीत आई १ नाहीतर १॥ लिहायची. दूध घेतलं नाही त्या दिवशी फुली, म्हणजे खाडा. आणि एखाद्या दिवशी लिहायचंच राहिलं तर चौकट कोरी. महिनाअखेरीला दूधवाले काका वही घेऊन आले की सगळी चर्चा या कोऱ्या चौकटींवर व्हायची. "सतरा तारखेचं काय हो वहिनी? माझ्याकडं दीड लिहिलंय." फुलीबद्दल कधी वाद झाला नाही, आकड्याबद्दलही नाही. कोऱ्या चौकटीचा मात्र दोघं मिळून निकाल लावायची, कारण कोरी म्हणजे 'माहीत नाही' हे दोघांनाही मान्य होतं.

मी प्रोग्रामिंग शिकलो आणि हौसेनं हा हिशेब आयफोनवरच्या एका छोट्या अ‍ॅपमध्ये आणला. एक रकाना, त्यात लिटर लिहायचे, 'जतन करा' दाबायचं, महिन्याची बेरीज आपोआप. पहिल्याच महिन्यात काकांची वही म्हणाली ४३ लिटर आणि अ‍ॅप म्हणालं ३९. काका हसून म्हणाले, "तुमच्या मोबाईलनं माझं चार लिटर दूध प्यायलं की हो."

चूक काकांची नव्हती, आईचीही नव्हती. मी स्विफ्टमध्ये, म्हणजे ॲपलच्या प्रोग्रामिंग भाषेत, लिहिलेल्या एका ओळीतली दोन प्रश्नचिन्हं ते दूध प्यायली होती. हा लेख त्या दोन प्रश्नचिन्हांबद्दल आहे.

(एक खुलासा. इथे कोड देवनागरीत छापला आहे, प्रत्यक्षात तो इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायचा. गंमत म्हणजे व्हेरिएबलची नावं स्विफ्टमध्ये खरोखरच देवनागरीत ठेवता येतात, 'लिटर' हे नाव कंपायलर, म्हणजे कोड तपासून त्याचं अ‍ॅप करणारा प्रोग्राम, बिनतक्रार घेतो. पण लेट, गार्ड असे त्याचे स्वतःचे शब्द त्याला इंग्रजीतच लागतात.)

माणूस रकान्यात जे लिहितो तो प्रोग्रामच्या दृष्टीनं नुसता मजकूर असतो. '१.५' दिसायला आकडा असला तरी आत ती तीन चिन्हं आहेत. बेरीज करायची तर आधी त्या मजकुराचा आकडा करून घ्यावा लागतो. अपूर्णांक धरणाऱ्या आकड्याच्या प्रकाराला स्विफ्टमध्ये डबल म्हणतात. तेव्हा साहजिकच मी लिहिलं:

लेट लिटर = डबल(मजकूर)

म्हणजे मजकुराचा आकडा कर आणि त्याला लिटर हे नाव दे. आणि पुढं लिटर बेरजेत घातला. कंपायलरनं तिथंच हात धरला. त्याचं म्हणणं असं, की हा 'डबल' नाही, 'डबल?' आहे, प्रश्नचिन्हासकट. आधी ते सोडवा, मग बेरीज.

हे प्रश्नचिन्ह म्हणजे ऑप्शनल. रकान्यात कुणी 'उद्या सांगते' असं लिहिलं तर त्याचा आकडा कसा करणार? होत नाही. मग डबलनं परत काय द्यायचं? स्विफ्ट म्हणते, काहीच नाही, म्हणजे निल. पण निल ठेवायला साध्या डबलमध्ये जागाच नसते. डबल म्हणजे ज्यात आकडा असणारच अशी चौकट. डबल? म्हणजे आकडा असेल किंवा कोरी असेल अशी चौकट. कंपायलरच्या लेखी हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि दुसऱ्याला पहिला समजून तो तुम्हाला वापरू देत नाही. कॅलेंडरच्या कोऱ्या चौकटीसमोर आई आणि काका जसे थांबायचे, तसा तो थांबतो. फरक एवढाच, की ती महिनाअखेरीला थांबायची आणि हा अ‍ॅप तयार व्हायच्या आधीच थांबतो.

बऱ्याच जुन्या भाषांत असं थांबणं नव्हतं. सी भाषेत मजकुराचा पूर्णांक करणारं अ‍ॅटॉय नावाचं फंक्शन आहे. त्याला '०' दिलं तर शून्य येतं आणि 'उद्या सांगते' दिलं तरी शून्यच येतं. उत्तर बघून कळायला मार्ग नाही, की माणसानं शून्य लिहिलं होतं की भलतंच काही. जावास्क्रिप्ट आणखी लाघवी. रिकाम्या मजकुराचा नंबर केला तर ती शून्य देते आणि पूर्णांक काढणाऱ्या पार्सइंटला '४ लिटर' दिलं तर पुढचं गिळून ४ देते. सोयीचं वाटतं खरं, पण अशी सोय एखाद्या दिवशी हिशेबातून वसूल होते.

दुसऱ्या बाजूला नल. टोनी होअर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेत नल रेफरन्स आणला. कोणतीही वस्तू जिथं असायला हवी तिथं 'काहीच नाही' असू शकेल, आणि भाषा त्याबद्दल आधी काही सांगणार नाही. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यानं स्वतःच याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. करायला अगदी सोपं होतं म्हणून मोह आवरला नाही, अशी कबुलीही दिली. चूक 'काहीच नाही' असण्यात नव्हती. कोरी चौकट जगात असतेच. पण सगळ्याच चौकटी कोऱ्या असू शकतात आणि कुठली ते दिसत नाही, ही खरी अडचण होती. ॲपलनं २०१४ मध्ये स्विफ्ट आणली तेव्हा ही रीत उलटी केली: निल असूच शकत नाही हा नियम, आणि असू शकत असेल तिथं प्रश्नचिन्ह लावून तसं सांगायचं. कल्पना स्विफ्टची स्वतःची नव्हे. हॅस्केल या भाषेत हेच 'मेबी' नावानं कधीचं होतं. पुढं अँड्रॉइडवाले वापरतात ती कॉटलिन भाषा २०१६ मध्ये हेच प्रश्नचिन्ह घेऊन आली आणि फ्लटर या अ‍ॅप बनवायच्या साधनाची भाषा डार्ट २०२१ मध्ये या वाटेला लागली. म्हणजे तुम्ही कुठल्याही फोनसाठी अ‍ॅप लिहा, या प्रश्नचिन्हाशी बहुतेक गाठ पडणारच.

एक्सकोडचे दोन सल्ले

तर कंपायलरनं हात धरला. एक्सकोड, म्हणजे ज्यात आपण हे लिहितो ते सॉफ्टवेअर, नुसतं अडवत नाही, उपायही सुचवतं. अशा वेळी त्याचे दोन ठरलेले सल्ले असतात. एक, उद्गारचिन्ह लावा. दोन, दोन प्रश्नचिन्हं लावून पर्यायी किंमत द्या. सल्ल्यावर टिचकी मारली की कोड आपोआप दुरुस्त होतो आणि लाल खूण नाहीशी होते. नवशिक्याला लाल खूण जाण्याहून मोठं सुख नसतं.

मी आधी उद्गारचिन्ह लावलं:

लेट लिटर = डबल(मजकूर)!

याचा अर्थ, यात आकडा आहेच, माझी हमी, बिनधास्त उघड. आकडा असेल तर ठीक. नसेल तर अ‍ॅप तिथल्या तिथं मरतं. मागे एक्सकोडमध्ये 'अनएक्स्पेक्टेडली फाउंड निल' अशी ओळ उमटते, फोनवर माणसाला तेवढंही दिसत नाही, अ‍ॅप नुसतं गायब होतं. आईनं रकाना रिकामा ठेवून 'जतन करा' दाबलं आणि अ‍ॅप गायब झालं. "तुझं ते मिटलं बघ," ती म्हणाली.

उद्गारचिन्ह सरसकट वाईट नाही. कोडमध्ये मी स्वतःच्या हातानं लिहिलेला वेबपत्ता असेल आणि त्यातून यूआरएल तयार करायचा असेल, तर तो निल येणं म्हणजे माझीच टायपिंगची चूक. ती माझ्या टेबलावर जितकी लवकर आणि जितक्या जोरात आपटेल तितकं बरं. पण माणसाच्या बोटांतून आलेल्या मजकुरावर हमी द्यायला आपण कोण?

मग मी दुसरा सल्ला घेतला:

लेट लिटर = डबल(मजकूर) ?? ०

आकडा असेल तर तो घे, नसेल तर शून्य धर. अ‍ॅप मिटायचं थांबलं. लाल खूण नाही, तक्रार नाही, आईही खूश. आणि महिनाअखेरीला चार लिटर गायब.

नोंदी उकरून काढल्या तेव्हा तीन दिवस सापडले. एका दिवशी आईनं १ लिहून पुढं स्पेस दिली होती. स्विफ्टचा डबल मजकुरात मोकळी जागा चालवून घेत नाही, पुढं नाही आणि मागंही नाही, त्यामुळं निल. एका दिवशी '१.५ लि' लिहिलं होतं. निल. एका दिवशी सरळ 'दीड'. निल. एक, दीड, दीड: बरोबर चार लिटर. तिन्ही दिवशी आईनं खरं तेच लिहिलं होतं, तिन्ही दिवशी मी त्याचं शून्य केलं आणि कुणाला सांगितलंही नाही. वर खाड्याच्या दिवशीही ती शून्यच लिहायची. म्हणजे अ‍ॅपमध्ये फुली आणि 'मला कळलं नाही' हे दोन्ही एकाच चिन्हानं उमटत होतं. मूळ मजकूर मी वेगळा जपून ठेवला होता म्हणून एवढा तरी छडा लागला. ते शहाणपण नव्हतं, तो योगायोग होता.

उद्गारचिन्हापेक्षा ही दोन प्रश्नचिन्हं मला जास्त घातक वाटतात ती यासाठी. अ‍ॅप मिटलं तर निदान कळतं. मुळात स्विफ्टनं सीच्या अ‍ॅटॉयची खोड मोडून कोरी चौकट कोरी म्हणून दाखवली होती, आणि मी दोन चिन्हांत तिला परत अ‍ॅटॉय करून टाकलं.

दारातच विचारणं

मग करायचं काय? निल आलं की हिशेबाच्या आत जायच्या आधीच ज्यानं लिहिलं त्याला विचारायचं. स्विफ्टमध्ये याला नेमका शब्द आहे, गार्ड, तो २०१५ मध्ये स्विफ्ट २ बरोबर आला:

गार्ड लेट लिटर = डबल(मजकूर) एल्स {
    सूचना = "किती लिटर ते आकड्यात लिहा, जसं १.५"
    रिटर्न
}

वाचायचं असं: मजकुराचा आकडा होत असेल तर त्याला लिटर म्हण आणि पुढं जा. होत नसेल तर कंसातलं कर आणि इथूनच माघारी फीर. माघारी फिरायला तुम्ही विसरलात तर कंपायलर कोड चालूच देत नाही. आणि गार्डच्या खालच्या ओळींत लिटर हा साधा डबल असतो, प्रश्नचिन्ह गेलेलं. दारात एकदा विचारलं, आता आतल्या खोल्यांत पुन्हा पुन्हा विचारायला नको. 'इफ लेट' नावाचा सख्खा भाऊही आहे, पण त्यात सोडवलेला आकडा फक्त इफच्या कंसात जगतो. मग कंसात कंस, त्यात आणखी कंस, आणि शेवटी मूळ काम उजव्या कडेला जाऊन टेकतं. इनपुट तपासायला मी गार्डच वापरतो.

इथं नवशिके हमखास अडखळतात अशी एक जागा आहे. आयफोनच्या जुन्या पद्धतीच्या रकान्याला, म्हणजे यूआय टेक्स्टफील्डला, 'तुझ्यात काय लिहिलंय' असं विचारलं तर तो ऑप्शनल मजकूर देतो. लोक तिथं इफ लेट लावतात आणि समजतात, की रिकाम्या रकान्याचा बंदोबस्त झाला. झालेला नसतो. रिकामा रकाना निल देत नाही, तो रिकामा मजकूर देतो. शून्य अक्षरांचा का होईना, मजकूर असतोच, आणि इफ लेटमधून तो खुशाल आत शिरतो. कोरं पाकीट आणि पाकीटच न येणं यांतला हा फरक. रिकामेपण वेगळं तपासावं लागतं.

नव्या स्विफ्टयूआयमध्ये, म्हणजे अ‍ॅपचा पडदा रचायच्या ॲपलच्या नव्या पद्धतीत, रकाना थेट आकड्याला जोडता येतो, आकड्यात रूपांतर तोच करतो. जोडलेली किंमत साधा डबल असेल आणि कुणी भलतंच लिहिलं, तर तो जुनी किंमत तशीच ठेवतो आणि बोट बाहेर काढताच रकान्यात जुना आकडा परत दाखवतो. काल १ होतं, आज कुणी 'दीड' लिहिलं, तर परत १. माणसाला वाटतं, मी लिहिलं होतं की नाही? तीच किंमत डबल? असेल तर भलत्या मजकुरावर ती निल होते आणि तुम्हाला सूचना दाखवायची संधी मिळते. एका प्रश्नचिन्हाचा फरक.

निल कशामुळं ते निल सांगत नाही

दुसऱ्या महिन्यात बेरीज जुळली. पण आई वैतागली, कारण काहीही बिनसलं तरी अ‍ॅप तेच एक वाक्य दाखवायचं. रकाना रिकामा? आकड्यात लिहा. उणे दोन? आकड्यात लिहा. पण उणे दोन आकड्यातच आहे की!

ऑप्शनलची मर्यादा इथं दिसते. तो 'आहे' किंवा 'नाही' एवढंच बोलतो, का नाही ते बोलत नाही. शिवाय 'आहे' म्हणाला म्हणजे बरोबर आहे असंही नाही. उणे दोन लिटर हा अस्सल डबल आहे. दीडचं टिंब राहून गेलं तर १५ हाही अस्सल डबल आहे. आणि एक मासलेवाईक प्रकार: एन, ए, एन ही तीन इंग्रजी अक्षरं रकान्यात लिहिली तर स्विफ्टचा डबल निल देत नाही, चक्क किंमत देतो. तिचं नाव नॅन, म्हणजे 'हा आकडा नव्हे' असं सांगणारा आकडा. तो शून्यापेक्षा मोठा नाही, लहान नाही, स्वतःच्याही बरोबरीचा नाही. तुम्ही 'शून्यापेक्षा लहान असेल तर परत पाठव' असं लिहिलंत, तर नॅन लहान नसल्यामुळं आत येतो. मग त्याचा पूर्णांक करायला जाता आणि अ‍ॅप मिटतं. म्हणून अट उलटी लिहावी. कोण नको याची यादी नको, कोण चालेल तेच सांगावं: शून्य ते पन्नासच्या टप्प्यात असेल तरच आत. नॅन कुठल्याच टप्प्यात बसत नाही, बाहेरच राहतो.

मर्यादेचंही तारतम्य हवं. मी आधी पाच लिटरच्या वर सरळ नकार दिला होता. मग कोजागिरी आली, सोसायटीच्या मसाला दुधासाठी आमच्याकडं बारा लिटर आलं आणि अ‍ॅप हटून बसलं. आता पाचच्या वर गेलं की ते विचारतं, "बारा लिटर? नक्की?" आणि हो म्हटलं की ऐकतं. अशक्य गोष्टीला नकार द्यावा, अनोख्या गोष्टीला फक्त प्रश्न विचारावा.

कारण सांगायचं असेल तर ऑप्शनल सोडून पुढं जावं लागतं. फंक्शनला 'थ्रोज' लावून चूक नावानिशी फेकता येते, किंवा रिझल्ट नावाचा प्रकार वापरता येतो, जो यशाबरोबर किंमत आणि अपयशाबरोबर कारण बाळगतो. स्विफ्ट ५ पासून, म्हणजे २०१९ पासून, तो भाषेतच आहे. मी तीन कारणं ठरवली: रिकामं, समजलं नाही, टप्प्याबाहेर. प्रत्येकाला वेगळं वाक्य. 'अवैध इनपुट' हे शब्द मात्र कुठंही नाहीत. सरकारी फॉर्मवर शिक्का मारल्यासारखं ते वाक्य माणसाला काय करायचं ते सांगत नाही, फक्त तुम्ही चुकलात एवढं सांगतं. सूचना दाखवताना त्यानं लिहिलेला मजकूर पुसू नये, हेही आलं. '१.५ लिटर' लिहिणाऱ्याला 'लिटर' खोडायचं असतं, सगळं पुन्हा लिहायचं नसतं. आणि रकाना उघडल्याबरोबर लाल रंग नको. अजून त्यानं एक अक्षर लिहिलं नाही, तोवर काय चुकला बिचारा?

राहिला खाडा. तो शून्यही नाही आणि निलही नाही. शून्य लिटर म्हणजे दूध आलं आणि शून्य आलं, हे बोलायलाही विचित्र. निल म्हणजे नोंदच नाही. खाडा म्हणजे नोंद आहे आणि ती 'घेतलं नाही' अशी आहे. तीन गोष्टी डबल? मध्ये मावत नाहीत, तिथं दोनच घरं आहेत. मग स्वतःचा प्रकार करायचा. इनम म्हणजे ठरावीक शक्यतांची यादी, प्रत्येक केस ही एक शक्यता, आणि इंट म्हणजे पूर्णांक:

इनम नोंद {
    केस कोरी
    केस खाडा
    केस मिलिलिटर(इंट)
}

लिटरऐवजी मिलिलिटर घेतले, कारण पाव लिटर २५०, दीड लिटर १५००, सगळे पूर्णांक, अपूर्णांकांच्या बेरजेची कटकट संपली. या प्रकारावर स्विच, म्हणजे 'असं असेल तर हे कर' अशी यादी, लिहिताना तिन्ही शक्यता हाताळल्याशिवाय कंपायलर सोडत नाही. मजा अशी, की ऑप्शनलही आतून असाच एक इनम आहे, त्याला फक्त दोन केस आहेत, 'नन' आणि 'सम'. प्रश्नचिन्ह ही त्याची बोलण्यातली लाडाची खूण. हे कळल्यावर ऑप्शनलचा दरारा गेला. दोन घरांत काम भागत असेल तर प्रश्नचिन्ह, नसेल तर तिसरं घर आपण बांधायचं.

आकडे आपले, कीबोर्ड कुणाचा

तिसऱ्या महिन्यात आईनं फोनवर मराठी कीबोर्ड लावला आणि देवनागरी आकडे आले. माणसाला १ म्हणजे १. स्विफ्टच्या इंट आणि डबलला देवनागरी १ म्हणजे निल, त्यांना फक्त इंग्रजी आकडे कळतात. हेच अँड्रॉइडवर कॉटलिनच्या टूइंटऑरनलला, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला, दिलं तर तो देवनागरी १२ चा मुकाट्यानं बारा करतो, पायथॉनचा इंटही करतो. एकच मजकूर, एका भाषेत अवैध आणि दुसऱ्या भाषेत वैध. तेव्हा 'अवैध' हा मजकुराचा गुण नव्हे, तो वाचणाऱ्याच्या समजुतीचा भाग आहे. जर्मनीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या फोनवर टिंबाच्या जागी स्वल्पविराम येतो, तिथं दीड लिटर '१,५' असा लिहितात. डबल त्यालाही निल म्हणतो. फक्त आकड्यांचा कीबोर्ड दाखवला तरी सुटका नाही, माणूस दुसरीकडून चिकटवू शकतो.

देवनागरीवर उपाय शोधताना मी आणखी एक खड्डा खणला. स्विफ्टमध्ये प्रत्येक अक्षराला 'तुझी पूर्णांकात किंमत काय' असं विचारता येतं. देवनागरी ५ म्हणतो पाच, 'क' म्हणतो निल. आणि कॉम्पॅक्टमॅप नावाचं फंक्शन यादीतली निल वगळून उरलेलं देतं. दोन्ही जोडले, आलेले आकडे एकापुढं एक लावले आणि देवनागरी वाचता आलं. वर '२ लि' चाही आपोआप दोन झाला. फार हुशार वाटलं. मग १.५ लिहून बघितलं. एकची किंमत एक, टिंबाची निल, पाचची पाच. टिंब गळालं आणि पंधरा लिटर दूध आलं.

रोग जुनाच, वेश नवा. निल दिसलं, की ते काय सांगतंय हे न विचारता त्याला बाजूला सारायचं. ?? ० मध्ये त्याचं शून्य केलं होतं, इथं त्याला गाळलं. आता मी नंबरफॉर्मॅटरला, म्हणजे आकडे वाचणाऱ्या तयार साधनाला, मराठी लोकॅल (कुठल्या भाषेच्या पद्धतीनं वाचायचं ती खूण) देऊन वाचायला लावतो. तो देवनागरी आकडा ओळखतो, आणि न जमल्यास तोही निलच देतो, म्हणजे प्रश्न विचारायची जागा शिल्लक राहते.

आणि 'दीड'? त्यावर मी बराच काळ म्हणत होतो, की आईनं आकड्यात लिहावं. पण दुधाच्या व्यवहारात दीड हा आकडाच आहे. बोलताना कुणी एक पूर्णांक पाच दशांश लिटर दूध मागत नाही. म्हणून एक छोटी डिक्शनरी केली: पाव २५०, अर्धा ५००, पाऊण ७५०, सव्वा १२५०, दीड १५००, अडीच २५००. स्विफ्टच्या डिक्शनरीला शब्द विचारला की उत्तर ऑप्शनलच येतं, कारण तो शब्द तिच्यात नसेलही. आणि इथं ती बदनाम दोन प्रश्नचिन्हं अगदी शोभून दिसली:

आकड्यातून(साफ) ?? शब्दातून[साफ]

आधी आकडा म्हणून वाचून बघ, नाही जमलं तर शब्द म्हणून वाचून बघ. उजवीकडं खोटं शून्य नाही, दुसरा प्रामाणिक प्रयत्न आहे. तोही फसला तर सगळ्याचं उत्तर निलच येतं आणि गार्ड दारात उभा आहेच. 'साफ' म्हणजे मागचापुढचा स्पेस आणि शेवटचं 'लि', 'लिटर' काढून टाकलेला मजकूर. त्या एका स्पेसनं खाल्लेलं एक लिटर मी अजून विसरलेलो नाही.

गेल्या महिन्यात अ‍ॅप आणि वही पुन्हा तंतोतंत जुळली. काकांनी दोनदा बेरीज करून बघितली, बहुधा अ‍ॅपवर विश्वास नव्हता म्हणून, आणि चहा घेऊन गेले. परवा आईनं रकान्यात लिहिलं, 'नेहमीचंच'. आकड्यातून निल, शब्दातून निल, गार्डनं अडवलं आणि सूचना आली: किती ते कळलं नाही, आकड्यात लिहा, जसं १.५. आईनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"काकांना कळतं," ती म्हणाली.